चष्मा उतरल्यानंतर

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय पुन्हा सुरू झाले, की दरवर्षी माझ्या वर्गात दोन-तीन चेहरे अनोळखी वाटतात. पहिल्या सत्राच्या परीक्षेला जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेल्या याच मुली. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेल्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. बोट मात्र जुन्या सवयीने वर जाते, आणि सरकवायला तिथे काहीच नाही हे ध्यानात येऊन ओशाळून खाली येते. "काय गं, चष्मा कुठे गेला?" असे विचारले, की उत्तर येते, "मॅडम, लेसर केलं." जणू केस कापले, किंवा नाक टोचून घेतले!

इतके ते सोपे आहे का? आहेही आणि नाहीही. यंत्राचे काम खरोखरच मिनिटा-दोन मिनिटांचे असते. त्यानंतर डोळ्याचे स्वतःचे काम सुरू होते, आणि ते महिनोन्‌महिने चालते. यंत्राच्या त्या मिनिटाविषयी जाहिरातींतून पुष्कळ वाचायला मिळते. पुढच्या महिन्यांविषयी मात्र घरातल्या माणसांना कोणी फारसे सांगत नाही, आणि डोळा तर घरातच बरा व्हायचा असतो. मी मराठीची प्राध्यापिका, डॉक्टर नव्हे. पण गेल्या वर्षी भाचीच्या निमित्ताने या प्रकरणाच्या फार जवळ राहिले, नेत्रतज्ज्ञांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि मिळेल ते वाचून काढण्याची खोड तर जन्माचीच आहे. तेव्हा या दिवाळीला हाच विषय.

चष्म्याचा जाच काय असतो, हे आमच्या अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात राहिल्याशिवाय पुरते कळायचे नाही. चार महिने पाऊस. छत्री असली तरी काचेवर थेंब, आणि तो पुसायला घ्यावी तर ओढणीही ओलीच. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभे राहिले, की खाऱ्या वाऱ्याने काचांवर चिकट थर बसतो. भाताचे झाकण काढले की दोन्ही डोळ्यांपुढे धुके. शिवाय स्थळे पाहताना "मुलीला चष्मा आहे का हो?" हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि मुलाच्या चष्म्याला मात्र हुशारीचे लक्षण मानतात! त्यामुळे चष्मा टाकून द्यावासा वाटला तर त्यात नवल नाही.

हे लेसर डोळ्यांपर्यंत कसे पोचले, त्याची कथा मोठी गमतीची आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात 'थँक्सगिव्हिंग'च्या मेजवानीतले उरलेले टर्की पक्ष्याचे मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणले आणि ब्लूम व वाइन या सहकाऱ्यांबरोबर एक्सायमर लेसरचा झोत त्यावर टाकून पाहिला. मांसावर रेखीव खाच पडली, पण कडेला करपल्याचा मागमूस नाही! या झोताची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, म्हणजे तो डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. तो उतीला भाजत नाही. तिच्या रेणूंचे बंधच तोडतो. एका ठोक्याला मायक्रॉनच्या पाव भागाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजाराव्या हिश्शाएवढा थर निघतो. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांच्या मनात या झोताचा डोळ्यासाठी उपयोग करण्याचे आले, १९९० च्या सुमारास ग्रीसमधल्या पालिकारिस यांनी 'लेसिक' या नावाने आज ओळखली जाणारी पद्धत बसवली, आणि २०१३ मध्ये श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. शिळ्या मेजवानीचे एवढे सार्थक क्वचितच झाले असेल.

आता प्रत्यक्ष डोळ्यात काय करतात ते पाहू, कारण ते कळले की नंतरची सगळी पथ्ये आपोआप कळतात. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक चकती असते, तिला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसिकमध्ये या चकतीचा वरचा पातळ पापुद्रा कापतात, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उलटतात, खालच्या भागावर लेसर मारून त्याची गोलाई बदलतात, आणि पापुद्रा पुन्हा जागेवर पसरून ठेवतात. टाका नाही, गोंद नाही. सध्या घरोघर चिरोटे होत आहेत. त्यांच्या पापुद्र्याला बोटाचा धक्का लागला की काय होते, ते गृहिणींना सांगायला नकोच.

दुसरी पद्धत पीआरके. तीत पापुद्रा नसतो. कॉर्नियावरची नाजूक साल काढून टाकून तिथेच लेसर मारतात, आणि साल पुन्हा येईपर्यंत चार-पाच दिवस वर एक मऊ लेन्स पट्टीसारखी ठेवतात. यात पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखते आणि दृष्टी स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. पण धक्क्याने सरकायला पापुद्राच नसतो. तिसरी 'स्माइल'. तीत कॉर्नियाच्या आतच एक लहानशी चकती कापून बारीक छेदातून ओढून काढतात. कोणाला कोणती पद्धत मानवेल, आणि मुळात कोणतीही मानवेल की नाही, हे कॉर्नियाचा नकाशा काढून व जाडी मोजून ठरते. वय अठराच्या वर हवे आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणी आणि मूल अंगावर पीत असताना हे करीत नाहीत. ज्यांचा कॉर्निया मुळातच पातळ किंवा शंकूसारखा पुढे आलेला असतो, त्यांना चांगले डॉक्टर सरळ "नाही" म्हणतात. असे "नाही" ऐकून हिरमुसलेल्या मुलीला दुसरीकडे नेऊन "हो" म्हणवून घेणारे पालक असतात. त्यांना हात जोडून विनंती आहे, की तसे करू नका.

भाची रेवदंड्याची. शस्त्रक्रिया पनवेलला झाली. मी बरोबर होते. आत इंजेक्शन नाही, भूलही फक्त थेंबांची. "आत्या, मध्येच सगळं काळं झालं, मग टकटक आवाज आला आणि केस जळल्यासारखा वास," एवढेच तिने बाहेर आल्यावर सांगितले. हे सारे अपेक्षितच असते. खरा प्रकार त्यानंतर अर्ध्या तासाने, थेंबांची भूल उतरल्यावर सुरू झाला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पाण्याच्या धारा, उजेड सहन होईना. लेसिकनंतरचे हे चार-सहा तास असेच जातात. त्यावर उत्तम उपाय झोप. मराठीत 'डोळा लागणे' म्हणजे झोप येणे, हा वाक्प्रचार मला त्या संध्याकाळी जितका आवडला तितका तो शिकवतानाही कधी आवडला नव्हता. डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या वाट्या चिकटवून ती झोपली. झोपेत नकळत हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून या वाट्या रोज रात्री साधारण आठवडाभर लावायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी तिने अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखवली. घरातल्या सगळ्यांचे डोळे पाणावले, तिला एकटीलाच ती मुभा नव्हती!

इथे आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नसते. पापुद्रा जागेवर आहे ना, त्याला सुरकुती नाही ना, हे तेव्हाच पाहतात. तेव्हा शस्त्रक्रिया पनवेलला असो वा मुंबईला, ती रात्र तिथेच कोणा नातेवाइकाकडे काढावी. श्रीवर्धनहून किंवा मुरूडहून वडखळच्या वाहतुकीतून जाणे-येणे करण्याचा तो दिवस नव्हे. आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात हेही तारीख ठरवताना ध्यानात असू द्यावे. कारण वेदना कमी होण्याऐवजी वाढली, दृष्टी एकाएकी धूसर झाली, लाली चढत गेली किंवा डोळ्यातून घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचले पाहिजे, "उद्याच्या पहिल्या गाडीने" नव्हे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे लाल डाग मात्र पुष्कळदा दिसतात. डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दाबाने ते उमटतात, दोन-तीन आठवड्यांत जातात. त्यांना भिऊ नये.

आता दिवाळीचे. सुट्टी मिळते म्हणून मुले नेमकी याच दिवसांत शस्त्रक्रिया करून घेतात, आणि माझ्या मते वर्षातले हे सर्वांत वाईट दिवस आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई डोक्यावर तेल थापणार, उटणे चोळणार, वरून कढत पाणी ओतणार. इथे तर निदान आठवडाभर डोळ्यांत साध्या पाण्याचा थेंबही जायला नको! आंघोळ गळ्याखाली. केस धुवायचेच तर मान मागे टाकून बसावे आणि दुसऱ्या कोणी धुवून द्यावेत. शिकेकाई तर लांबच ठेवा. फटाक्यांचा धूर, उडणाऱ्या ठिणग्या, रांगोळीची पूड, कढईतल्या तेलाची वाफ, आणि भाऊबीजेला आलेली लहान मुले, जी "मामी, बघू तुझे डोळे" म्हणत थेट बोट घालतात! घरात कोणाचे डोळे आलेले असतील तर त्याचा रुमाल-टॉवेलही वेगळा करावा.

याहून गंभीर गोष्ट शेतावरची आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी आणि झोडणी चाललेली असते. भाताचे कूस किंवा पात्याची धार डोळ्याला लागून कॉर्नियावर बुरशीचा व्रण होणे, हे भातशेतीच्या मुलखात जुने दुखणे आहे. तो व्रण बरा होता होत नाही, आणि झाला तरी पुष्कळदा पांढरा डाग ठेवून जातो. नुकत्याच लेसर झालेल्या डोळ्याने खळ्यावर जाणे म्हणजे उघड्या जखमेने उकिरड्यात उतरण्यासारखे आहे. शहरात राहणारी मंडळी सुट्टीला गावी येतात आणि हौसेने भात झोडायला उभी राहतात, म्हणून मुद्दाम सांगते. तुळशीचे लग्न होऊन झोडणी उरकू द्यावी, मग तारीख घ्यावी.

समुद्राचेही तसेच. पोहणे साधारण महिनाभर बंद, मग तो नागावचा समुद्र असो की रिसॉर्टचा तरणतलाव. तलाव औषधाने स्वच्छ दिसतो म्हणून तो निर्धोक, असे नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला हरकत नाही, पण मोठा बंद कडांचा गॉगल हवा. वारा सुटला की आमच्याकडची वाळू थेट डोळ्यांतच येते. डोळा चोळायचा नाही. हे पथ्य महिन्यापुरते सांगतात, पण ते जन्मभर पाळण्यासारखे आहे, कारण पापुद्रा कडेने धरतो, तरी मूळच्या ताकदीने कधीच सांधत नाही. जोराच्या फटक्याने तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत.

खाण्याचे मात्र काहीही पथ्य नाही. "आंबट नको, मासळी नको, पू होईल," असे भाचीच्या आजीने सोळा वेळा बजावले. डॉक्टर हसून म्हणाले, "खुशाल खाऊ द्या." आठवड्याच्या आत सुरमईची कालवणे झाली आणि डोळ्यांनी काहीही तक्रार केली नाही. आजीच्या बटव्यातल्या बाकीच्या वस्तूंना, म्हणजे मध, गुलाबपाणी, तुपातले निरांजनाचे काजळ यांना, मात्र सक्त मनाई. त्यांच्यावर माझाही राग नाही, पण त्या निर्जंतुक नाहीत, आणि इथे प्रश्न तेवढाच आहे.

थेंबांविषयी जरा थांबून बोलायला हवे. बाटल्या तीन असतात: जंतुनाशक, सूज उतरवणारे स्टेरॉइड, आणि कृत्रिम अश्रू. खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबावा, आणि दुसऱ्या बाटलीपूर्वी पाच मिनिटे थांबावे. बाटलीचे टोक पापणीला लावू नये. यांतले स्टेरॉइड हे फार गुणकारी आणि तितकेच दगलबाज औषध आहे. ते ठरल्याप्रमाणे कमी करीत बंद करायचे असते. "बरं वाटतं" म्हणून चालू ठेवले तर डोळ्यातला दाब चढतो. हा दाब दुखत नाही, खुपत नाही, आणि आतल्या आत दृष्टीची नस मारतो. त्यातून उरलेली बाटली कपाटात राहते. पुढे आजोबांचा डोळा लाल झाला की "ताईला याने लगेच बरं वाटलं होतं" म्हणून तीच बाहेर निघते! आमच्या आळीत एका गृहस्थांनी अशाच उरल्या थेंबांवर काही महिने काढले, आणि काचबिंदूच्या तपासण्यांना जन्माचे बांधले गेले. उपचार संपला की बाटली टाकून द्या. उघडून महिना झालेली बाटली तर अशीही निरुपयोगीच.

महिन्याभराने सगळे आलबेल होते असे नाही. भाचीला रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसू लागले. दारातल्या पणत्या, आकाशकंदील, समोरून येणाऱ्या मोटारी, प्रत्येकाला आपापले प्रभावळ! ती रडवेली झाली, "आत्या, ऑपरेशन फसलं." फसले नव्हते. ही कडी बहुतेकांना दिसतात आणि बहुतेकांची काही महिन्यांत विरतात. काहींची पुसट राहतात. तोवर रात्री स्कूटर चालवू नये. आणि कोरडेपणा. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या बारीक नसाही कापल्या जातात. त्यांच्याकडून "डोळा सुकला" हा निरोप जाईनासा होतो, म्हणून अश्रू कमी येतात. नसा पुन्हा वाढायला सहा महिने, कधी वर्षही लागते. तितके दिवस कृत्रिम अश्रू खिशात हवेत. मोबाइल पाहताना पापणी लवण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, तेव्हा घरच्यांनी अधूनमधून टोकले तरी चालेल. कांदा चिरून अश्रू आणण्याचा सल्ला आमच्या एका शेजारणीने दिला होता. अलिबागचा पांढरा कांदा कितीही गोड असला, तरी तो या कामाचा नव्हे!

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी. जगात आणखी कोणत्या भाषेत असेल नसेल, पण आपल्या मराठीने वयाला आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्याला एकच शब्द दिला आहे: चाळिशी. लेसरने चाळिशी टळत नाही. डोळ्याच्या आतले भिंग वयाबरोबर ताठर होते, त्याला कॉर्नियावरचा लेसर काय करणार? उलट एक मेख आहे. ज्यांना लांबचे दिसत नाही, त्यांना चाळिशीनंतर एक वरदान असते: चष्मा कपाळावर चढवला की जवळचे बारीक अक्षर स्वच्छ दिसते. लेसरने लांबचा नंबर शून्य केला की हे वरदान जाते. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा पंचेचाळिशीचा कारागीर डोळ्यासमोर आणा. चष्मा काढून, मूर्तीच्या जवळ जाऊन, एका श्वासात तो बुबुळाची रेघ ओढतो. त्याने हौसेने लेसर करून घेतले, तर कीहीमचे झाड त्याला दिसेल, पण हातातल्या मूर्तीसाठी चष्मा शोधावा लागेल. शिंप्याचे, सोनाराचे, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारखीचेही तेच. यावर एका डोळ्यात थोडा नंबर मुद्दाम शिल्लक ठेवण्याची तोड काढतात. पण ती आपल्याला मानवते का, हे आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहावे. मी पाहिले. मला मानवले नाही, आणि माझा चष्मा आहे तिथेच आहे.

खर्चाचे एकच सांगते: साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर उतरवण्याचा खर्च आरोग्यविम्यात बसत नाही. आणि पोलीस, सैन्यदले, बोटीवरची नोकरी यांच्या भरतीत लेसरविषयीचे नियम निरनिराळे आहेत. ते वाचून मगच डोळ्याला हात लावू द्यावा.

शेवटी, ज्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते ते. नंबर गेला म्हणजे डोळा बदलला नाही. ऱ्हस्वदृष्टीचा डोळा मुळात लांब असतो. सुमारे एक मिलिमीटर जास्त लांबीला अडीच-तीन नंबर. लेसरने पुढची काच सपाट केली, मागचा ताणलेला पडदा तसाच राहिला. मोठा नंबर असलेल्यांना तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका लेसरपूर्वी होता तितकाच नंतरही असतो. म्हणून चष्मा गेला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि शस्त्रक्रियेपूर्वीची मापे, म्हणजे मूळ नंबर, कॉर्नियाची गोलाई व जाडी, यांचे कागद दवाखान्यातून मागून घ्या. पुढे साठीत मोतीबिंदू झाला, की आत कोणत्या ताकदीचे भिंग बसवायचे हे काढताना लेसर झालेला कॉर्निया नेहमीच्या गणिताला चकवतो, आणि तेव्हा हे जुने आकडे फार उपयोगी पडतात. पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचा दाबही यंत्रावर असतो त्याहून कमी दिसतो, तेव्हा काचबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरांना "माझे लेसर झाले आहे" हे आपण होऊन सांगावे लागते. मुलगी लग्न होऊन सासरी जाईल, घर बदलेल, तो दवाखाना तोवर असेल की नसेल. भाचीची फाइल तिच्या आईने लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवली आहे आणि वर तांबड्या शाईने लिहिले आहे: डोळे.